हातपाय गार, घाम थंड, नाडी जोरात: रक्त किंवा पाणी कमी पडल्याने येणारा ‘शॉक’ घरच्यांनी कसा ओळखायचा?

‘शॉक’ म्हटलं की आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात. एक विजेचा झटका, आणि दुसरा म्हणजे वाईट बातमी ऐकून मनाला बसतो तो धक्का, ज्याला आपण उर्दूत सदमा म्हणतो. म्हणूनच आयसीयूच्या दारात येऊन डॉक्टर जेव्हा “पेशंट शॉकमध्ये आहे” असं सांगतात, तेव्हा बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं की ती घाबरली असेल. कोणीतरी म्हणतं, “उसको बोलो, हिम्मत रख.” पण डॉक्टरांचं म्हणणं फार वेगळं असतं. शरीरात फिरायला लागतं तेवढं रक्त किंवा पाणी आता उरलेलं नाही, मेंदूला, हृदयाला, मूत्रपिंडांना प्राणवायू कमी पडू लागला आहे आणि वेळ फार थोडा आहे, असं ते सांगत असतात. हिमतीचा इथे संबंध नाही. धीट माणसालाही शॉक येतो, बेशुद्ध माणसालाही येतो आणि तान्ह्या बाळालाही येतो.

शॉकचे इतरही प्रकार आहेत. हृदय कमजोर पडल्यामुळे, जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळे किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी होऊनही शॉक येतो. या लेखात मात्र फक्त रक्त आणि पाणी कमी पडल्याने येणाऱ्या शॉकबद्दल लिहिते आहे. तो घराच्या चार भिंतींत सुरू होतो. त्याची पहिली लक्षणं डॉक्टरांना नाही, अम्मीला, सासूला, नवऱ्याला दिसतात. आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

गच्चीवरची टाकी

वर्गात रक्ताभिसरण शिकवताना मी इमारतीच्या पाण्याचं उदाहरण देते. टाकीत पाणी आहे, पंप आहे, नळ आहेत. पंप म्हणजे हृदय, नळ म्हणजे रक्तवाहिन्या. टाकीतलं पाणी निम्म्यावर आलं की शहाणी सोसायटी काय करते? बागेचा नळ बंद, गाड्या धुणं बंद, फक्त स्वयंपाकघराचं पाणी चालू. अल्लाहने आपलं शरीरही असंच बनवलं आहे. रक्त कमी पडलं की ते आधी कातडीचा, हातापायांचा, पोटाचा आणि मूत्रपिंडांचा पुरवठा आवळतं. जे उरतं ते मेंदूला आणि हृदयाला देतं. पंपही जोरात चालू लागतो.

एवढं लक्षात राहिलं की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत. कातडीचा पुरवठा बंद झाला म्हणून हातपाय गार पडतात, चेहरा पांढुरका दिसतो, ओठ फिके होतात. गोऱ्या माणसात हे चटकन कळतं. सावळ्या माणसात ओठांच्या आत, नखांखाली आणि डोळ्याची खालची पापणी खाली ओढून बघावं. अंगाला घाम येतो, पण तो उन्हातल्या घामासारखा नसतो, थंड आणि चिकट असतो. पंप जोरात चालतो म्हणून नाडी भरभर लागते. मूत्रपिंडांचं पाणी बंद झालं म्हणून लघवी कमी होते, गडद होते, मग होतच नाही. शरीर पाणी मागतं म्हणून प्रचंड तहान लागते. श्वास भरभर चालतो. आणि मेंदूलाही कमी पडू लागलं की माणूस आधी बेचैन होतो, चिडतो, “मला उठू द्या” म्हणतो, नंतर गोंधळतो आणि शेवटी शांत होतो. घरातल्यांना वाटतं, आराम पडला, झोप लागली. ती झोप नसते.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. रुग्णाच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून धरा, मग सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि निरोगी माणसात साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. तीन-चार सेकंद लागले तर रक्त टोकापर्यंत पोचत नाही असं समजा. थंडीच्या दिवसांत किंवा पाण्यात काम करून आल्यावर ही तपासणी फसवी ठरते, म्हणून तिच्यासोबत नाडीही बघावी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची नाडी बसल्या जागी शंभरच्या वर असेल आणि सोबत रक्त जात असेल किंवा जुलाब होत असतील, तर थांबायचं नाही.

“बीपी तो नॉर्मल है”

या एका वाक्याने बरंच नुकसान केलं आहे. घरोघरी आता बीपीची मशीन आहेत. अंगावरून खूप जातंय म्हणून मशीन लावलं, ११० वर ७० आलं, सगळे निश्चिंत झाले. असं का होतं ते आकड्यांनी बघू या.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. रक्तदान करताना ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात आणि आपण बिस्किट खाऊन घरी जातो, कारण एवढं नुकसान शरीर सहज भरून काढतं. साधारण पाऊण लिटरपर्यंत बाहेरून फारसं काही जाणवत नाही. पाऊण ते दीड लिटर गेलं की नाडी वाढते, हात गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो, पण आडवा असताना वरचं बीपी अजूनही ठीक येऊ शकतं, कारण शरीराने नळ आवळून दाब टिकवून धरलेला असतो. दीड लिटरच्या पुढे गेलं की बीपी पडू लागतं. म्हणजे मशीन ज्या वेळी धोका सांगतं, त्या वेळी जवळजवळ एक तृतीयांश रक्त गेलेलं असतं. बीपी कमी येणं ही शेवटच्या टप्प्यातली खूण आहे. त्याची वाट बघणं म्हणजे टाकी रिकामी व्हायची वाट बघणं.

लहान मुलांत तर हे आणखी फसवं असतं. दहा किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम पाऊण लिटरच्या आसपास रक्त असतं. मोठ्यांसाठी किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याच्यासाठी मोठा असतो. मुलांचं शरीर बीपी अगदी शेवटपर्यंत टिकवतं आणि मग एकदम कोसळतं. उलटी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. बीपीसाठी किंवा हृदयासाठी नाडी हळू करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर दादाजींची नाडी शॉकमध्येही वाढणार नाही. तिथे गार हातपाय आणि बदललेलं वागणं हीच खूण धरावी.

बाळंतपण, निफास आणि “ये तो होता ही है”

ज्या कारणाने मी हा लेख लिहायला बसले ते हे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं जगभरातलं मोठं कारण आहे, आणि आपल्या घरांत तो ओळखायला उशीर होण्याची काही कारणं आपली खास आहेत.

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. ही अल्लाहची रहमत आहे, कारण बाळंतपणात थोडं रक्त जाणारच असतं. पण यामुळेच तिचं शरीर नुकसान जास्त वेळ लपवू शकतं. ती बोलत असते, बाळाकडे बघून हसत असते आणि खाली चादर भिजत असते. त्यातून तिला आधीच रक्त कमी असेल तर शिल्लक तुटपुंजी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त सुना आणि लेकी कमी शिलकीवर बाळंतपणाला जातात. आशाताई लोहाच्या गोळ्या देऊन जातात आणि त्या कपाटावर पडून राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

साध्या बाळंतपणात पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं म्हणजे अतिरक्तस्राव. घरी कोण मोजणार? म्हणून कपड्यावरून अंदाज घ्यावा. तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजत असेल, लिंबाएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील, रक्त पायांवरून ओघळत असेल किंवा गादीपर्यंत पोचलं असेल, तर ते नेहमीचं नाही. पहिले दोन तास सगळ्यात नाजूक, त्यानंतर चोवीस तास सावध राहायचं. दवाखान्यात असाल तर सोबतच्या बाईने दर पंधरा-वीस मिनिटांनी पांघरूण बाजूला करून बघावं आणि भिजलेले पॅड फेकून न देता नर्सला दाखवावेत. लाज वाटायचं कारण नाही.

आता निफासची गोष्ट. बाळंतपणानंतर जाणाऱ्या रक्ताला आपण निफास म्हणतो. हनफी मसलकात त्याची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस मानतात आणि कोकणातल्या आपल्या शाफई घरांत साठ दिवस. हा नमाज-रोजाचा मसअला आहे. तेवढे दिवस कितीही रक्त गेलं तरी चालतं असा त्याचा अर्थ नाही, पण घरात अर्थ तोच लावला जातो. पंधराव्या दिवशी पुन्हा लालभडक रक्त सुरू होतं आणि मोठी बाई म्हणते, “निफास है, ये तो होता ही है.” नेहमीचा निफास दिवसागणिक उतरत जातो. पहिले तीन-चार दिवस लाल, नंतर गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर पांढरा. उतरलेलं रक्त पुन्हा लाल आणि जास्त होऊन आलं, गाठी पडल्या, वास येऊ लागला, ताप आला किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर पिशवीत वारेचा तुकडा राहिलेला असू शकतो किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हा धोका सहा आठवड्यांपर्यंत असतो. चाळीस दिवस बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये ही प्रथा दवाखान्याला लागू नाही.

वाटेत काय करता येतं? तिला आडवं ठेवा. लघवी करता येत असेल तर पडल्या पडल्याच करू द्या, भरलेल्या मूत्राशयामुळे पिशवी नीट आकुंचन पावत नाही. बाळाला अंगावर पाजता येत असेल तर पाजा, त्यानेही पिशवी आवळायला मदत होते. बेंबीच्या खाली हात ठेवून पिशवी घट्ट होईपर्यंत गोल चोळावी. हे नर्सकडून आधीच शिकून घेतलेलं बरं. खरा उपाय मात्र इंजेक्शन, सलाईन, रक्त आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया हाच आहे.

“शौहर को आने दो”, “बाई डॉक्टर असेल तिथेच नेऊ” ही वाक्यंही इथे जीव घेतात. जीव धोक्यात असताना जी डॉक्टर किंवा जो डॉक्टर आधी मिळेल त्याच्याकडून तपासून घेणं जायज आहे, उलेमा हेच सांगत आले आहेत. नवरा दुबईला असो की रिक्षावर, परवानगी सातव्या महिन्यातच घेऊन ठेवावी: रात्री-अपरात्री गरज पडली तर कोण सोबत जाईल, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, पैसे कुठे ठेवले आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायची गरज नाही.

जे रक्त दिसत नाही

बाहेर एक थेंब न सांडताही शॉक येतो. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखतंय आणि चक्कर येऊन पडली, अशा तरुण बाईला गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. थोडंसं अंगावरून जातं आणि घरात हैज उशिरा आला असं समजतात. ही तासांची नाही, मिनिटांची गोष्ट आहे. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा उठून उभा राहतो, “कुछ नहीं हुआ” म्हणतो आणि अर्ध्या तासाने पांढरा पडतो, तेव्हा पोटात प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. एकट्या मांडीचं हाड मोडलं तरी मांडीच्या आतच एक-दीड लिटर रक्त साचतं. गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्या माणसाला डांबरासारखा काळा, चिकट संडास होत असेल तर जठरात रक्तस्राव होत असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळा होतो, पण तेव्हा चक्कर आणि थंड घाम नसतो.

जखम वाहते तेव्हा

बकरी ईदच्या दिवशी सकाळी दवाखान्यांत हात-मांडी कापलेले लोक येतातच. कसाब मिळत नाही म्हणून ज्याने वर्षात कधी छुरी धरली नाही तो त्या दिवशी धरतो, जनावर झटका देतं आणि छुरी घसरते. मांडीतली मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांतच माणूस दगावू शकतो.

अशा वेळी हळद, कॉफी, तंबाखू, राख यांतलं काहीही भरायचं नाही. त्याने रक्त थांबत नाही आणि जखम साफ करताना डॉक्टरांचा वेळ जातो. स्वच्छ फडकं, दुपट्टा, रुमाल जे हाताशी असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा, अंगाचा भार टाकून दाबा. घड्याळ लावून दहा मिनिटं उचलून बघायचं नाही. आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाने आपल्या चाचाच्या मांडीवर टॉवेल दाबून धरला होता. चार जणांनी “देखू तो” म्हणत त्याचा हात काढायचा प्रयत्न केला, तो हटला नाही, हॉस्पिटलच्या टेबलापर्यंत तसाच दाबून बसला. दर वेळी उचललं की जमलेली गुठळी निघते आणि रक्त पुन्हा पहिल्यापासून वाहू लागतं. फडकं भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. जखमेत काच किंवा लोखंड घुसलेलं असेल तर उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

हाता-पायाची जखम असेल, रक्त उसळून येत असेल आणि जोरात दाबूनही थांबत नसेल, तरच वर पट्टा बांधावा. सुतळी किंवा बारीक दोरी चालत नाही, ती मांस कापते. दोन इंच रुंद घडी केलेला कपडा जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, बांधून त्यात काठी किंवा चमचा अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायचा. वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहायची. दवाखान्यात पोचेपर्यंत तो सैल करायचा नाही.

आता माणसाला ठेवायचं कसं? आडवं. आपल्याकडे जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. कमी रक्त असलेल्या माणसाला ताठ बसवलं की मेंदूला पोचणारं थोडंफार रक्तही खाली उतरतं. रिक्षात जागा नसेल तर टेम्पो बोलवा, पण झोपवून न्या. पायाला, कमरेला, मणक्याला मार नसेल तर पाय एक फूटभर उंच ठेवा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कोणालाही कुशीवरच ठेवा. अंगावर चादर, शाल घाला, कारण गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. गरम पाण्याची पिशवी मात्र नको.

आणि पाणी द्यायचं नाही. हे सांगताना मला माहीत आहे की आपल्या घरांत हे किती कठीण आहे. तहानलेला माणूस “पानी, पानी” म्हणतोय आणि आपण नाही म्हणायचं. पण मोठा रक्तस्राव झालेल्या माणसाला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते, पोट भरलेलं असेल तर उलटी फुप्फुसात जाते. ग्लानीत गिळता येत नाही तेव्हाही तेच होतं. ओला कपडा ओठांना लावा. शिफाच्या नियतीने आबे जमजम द्यायचं असेल तर तेही बोटाने ओठांनाच लावा.

जुलाबात उलटं: इथे पाणीच औषध

रक्त गेलं असेल तर तोंडाने काही नाही. पण जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं असेल आणि माणूस शुद्धीत असेल, तर तोंडाने देणं हाच पहिला उपाय आहे. कॉलरासारख्या जोराच्या आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकतं.

जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, हा गरिबाचा उपाय समजून आपण त्याची किंमत करत नाही. १९७१ च्या युद्धात बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत साखर-मीठ-सोड्याचं पाणी तयार केलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. यातली युक्ती साधी आहे. जुलाबातही आतडं साखर आणि मीठ जोडीने आत घेतं आणि त्यांच्या मागे पाणी ओढलं जातं. नुसतं पाणी तेवढं शोषलं जात नाही. फार गोड शरबत किंवा कोल्ड ड्रिंक तर उलट पाणी आतड्यात ओढून जुलाब वाढवतं.

पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट घालावं. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घालणं धोक्याचं आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात सैल सोडू नका. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. आईचं दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका.

मूल रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, तान्ह्या बाळाची टाळू खचलीय, पोटाच्या कातडीला चिमटा घेतला तर ती दोन सेकंदांनंतरही पूर्ववत होत नाही, सहा तास लघवी नाही, पाणी प्यायची ताकद नाही किंवा मूल सुस्त पडलंय: आता ओआरएसवर विसंबून घरी बसायचं नाही. वाटेत जमेल तसं पाजत दवाखाना गाठा.

रमजानमध्ये जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मगरिबची वाट बघणारे लोक मी पाहिले आहेत. आजारी आणि मुसाफिर यांना रोजाची सवलत कुरआनात सूरह बकरामध्ये आहे आणि कजा नंतर ठेवता येते. मसअला जरूर इमामसाहेबांना विचारा. पण हातपाय गार पडून लघवी बंद झाली असेल तेव्हा विचारत बसायची ती वेळ नाही.

डेंग्यूबद्दल थोडक्यात एवढंच, की ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजू नका. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागतं. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नसणं, हिरड्यांतून रक्त, बेचैनी, गार हात दिसले की भरती करा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, बाकी दुखण्याच्या गोळ्या नकोत.

फोन, रस्ता आणि रक्त

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर “जल्दी आओ” एवढंच ओरडू नका. जागा, जवळची खूण (मशीद, शाळा, पेट्रोल पंप), काय झालं, माणूस शुद्धीत आहे का, रक्त वाहतंय का, एवढं शांतपणे सांगा. एकाने नाक्यावर उभं राहा, कारण मोहल्ल्याच्या गल्लीत गाडी फिरत राहते. रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तर “पुलिस का लफडा” म्हणून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं आहे. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

हॉस्पिटलमध्ये दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू करतात, प्राणवायू देतात, रक्ताचा नमुना पाठवतात. रक्त जुळवून द्यायला वेळ लागतो. तेव्हा बाहेर जमलेल्या पंधरा जणांनी आत जायची घाई करण्यापेक्षा रक्तपेढीकडे जावं. रमजानमध्ये दिवसा रक्तदान करायला लोक कचरतात, म्हणून मशीद कमिट्यांनी आणि जमातींनी तरावीहनंतरची शिबिरं ठेवली तर फार बरं होईल. आपल्या भागात कोणाचा कुठला रक्तगट आहे याची यादी कोणाकडे तरी असायला हवी. लग्नाच्या दावतीची यादी आपण याहून काटेकोर ठेवतो.

डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगायच्या गोष्टी अशा: कधी सुरू झालं, किती पॅड किंवा किती जुलाब झाले, शेवटची लघवी कधी झाली, शेवटचं खाणंपिणं कधी झालं, गरोदर आहे का किंवा पाळी चुकली आहे का, रक्तगट, आणि रक्त पातळ करणारी किंवा बीपीची कुठली गोळी चालू आहे. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.